न संपलेले अपहरण

पडद्यावर दिसणारे हे गंजलेले लोखंड म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे. चिलीची राजधानी सांतियागो येथील विया ग्रिमाल्दी या जुन्या छळछावणीच्या आवारात तो जपून ठेवला आहे. जवळून पाहिल्यास गंजाच्या थरात रुतलेले शर्टाचे एक बटण दिसते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, त्यानंतर पकडून नेलेल्या अनेकांचे मृतदेह असे रूळ बांधून हेलिकॉप्टरमधून समुद्रात टाकण्यात आले. न्यायाधीश हुआन गुस्मान यांच्या आदेशावरून २००४ मध्ये पाणबुड्यांनी किन्तेरोच्या उपसागरातून हे रूळ वर काढले.

१९७८ मध्ये सत्ता बळकावणारा लष्करप्रमुख पिनोचेत याच्या राजवटीने स्वतःच्या माणसांना माफी देणारा हुकूम काढला. सत्तापालटाच्या दिवसापासून १० मार्च १९७८ पर्यंतचे गुन्हे त्यात माफ झाले. पण माफीला शेवटची तारीख होती आणि कायद्याची लढाई नेमकी तिथेच उभी राहिली. खून एका क्षणी घडून जातो, तर अपहरण मात्र माणूस सुटेपर्यंत किंवा त्याचे काय झाले हे सिद्ध होईपर्यंत चालूच राहते. मग ज्याचा देहच सापडलेला नाही, त्याचे अपहरण त्या तारखेच्या आत संपले, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? मृतदेह दडवणाऱ्यांनी खुनाचा पुरावा नष्ट केला खरा, पण त्याबरोबर अपराध संपल्याचा पुरावाही नष्ट केला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद ग्राह्य धरला. नोव्हेंबर २००४ मध्ये, १९७५ साली बेपत्ता झालेल्या एका तरुण शिंप्याच्या खटल्यात, गुप्त पोलिसांचा प्रमुख मानुएल कोंत्रेरास याची १२ वर्षांची शिक्षा कायम झाली.

या युक्तिवादात एक क्रूर गोम आहे, ती सांगितलीच पाहिजे: हाडे सापडली की अपहरण संपते आणि माफीची ढाल आरोपीच्या हाती परत येऊ शकते. २००६ मध्ये न्यायालयाने अशा हत्यांना मानवतेविरुद्धचे, म्हणजे माफी देता न येणारे, अपराध मानले, तेव्हा ही भीती बरीच ओसरली.

आता पडद्यावर दिसणाऱ्या या स्त्रिया उत्तर चिलीतील कालामा शहराच्या आहेत. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे २६ पुरुषांना ठार करून वाळवंटात पुरण्यात आले, त्यांच्या या पत्नी, माता, बहिणी. कित्येक वर्षे त्यांनी फावड्यांनी आताकामाची वाळू उपसली. १९९० मध्ये त्यांना हाडांचे तुकडे तेवढे मिळाले. मृतदेह लष्कराने आधीच उकरून दुसरीकडे नेले होते.