निळी प्रत परत आली का?

घंटागाडी कारखान्याच्या गाळ्यासमोर थांबते, म्हणून तिच्यात काहीही टाकता येत नाही. चहाचे कप, डब्यातलं उरलेलं, ऑफिसचा कागद हे महापालिकेचं. ओला-सुका वेगळा करून द्या, संपलं. डाळ मिलमधला चुनी-भुसा तर कचराच नव्हे, तो गोठ्यात जातो. घोळ होतो तो जळक्या ऑइलचा. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत ते 5.1 वर आहे. रसायनाची रिकामी पिंपं 33.1, तेलकट चिंध्या 33.2, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ 35.3. पुसायची चिंधी ओल्या कचऱ्यात गेली की खतात जाते, आणि ते खत कुणाच्या तरी केळीच्या बागेत.

साठवणूक जास्तीत जास्त 90 दिवस. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा असणाऱ्या लहान कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण मागितली तरच. आपल्याकडे मुदत चुकते ती बहुधा आळसाने नाही. प्रक्रिया केंद्रं रांजणगाव, तळोज्याला; दोन पिंपांसाठी जळगावला ट्रक कोण पाठवणार? म्हणून शेजारच्या चार गाळ्यांनी एकाच फेरीत माल द्यावा. मात्र प्रत्येकाचं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद, स्वतंत्र हवं.

पिंप पत्र्याखाली, पक्क्या फरशीवर ठेवा. भोवती कठडा असा, की 200 लिटरचं पिंप फुटलं तर 220 लिटर तरी आत मावेल. पिंप काठोकाठ भरू नका, वर 10 सेंटिमीटर मोकळं सोडा; आपल्या मे महिन्यात काठोकाठ भरलेलं पिंप फुगतं आणि बुचातून पाझरायला लागतं. लेबल त्याच नियमांतल्या नमुना 8 चं. त्यावर पहिल्यांदा ओतल्याची तारीख लिहा, नाहीतर 90 दिवस मोजणार कुठून?

आता मॅनिफेस्ट. त्याचा नमुना 10. सात रंगांच्या सात प्रती. पांढरी मंडळाला, पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती आपल्याकडे, उरलेल्या पाच गाडीबरोबर. गुलाबी केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्र मंडळाला पाठवतं, आणि निळी आपल्याकडे परत येते. करडी फक्त माल दुसऱ्या राज्यात गेला तर. बहुतेक जण पिवळी फाईलला लावून निर्धास्त होतात. पिवळी एवढंच सांगते, की माल गाडीत चढला. तो पोचला की वाटेत वीटभट्टीवर उतरला, हे निळीशिवाय कळत नाही. आणि वाटेत उतरला, तर कारखानदाराचीही मान अडकते.

निळी आली की तिच्यावरचं वजन नमुना 3 च्या नोंदवहीशी ताडून पाहा. वहीत 200 लिटर आणि निळीवर 180 किलोच्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. पण वहीत लिटर, मॅनिफेस्टवर किलो अशी सरमिसळ नको, दोन्हीकडे किलोच लिहा. 30 जूनपर्यंत नमुना 4 चं वार्षिक विवरणपत्र द्यायचं असतं, ते याच आकड्यांवरून भरतात.