वाचून झाल्यावर उरतं ते: जेराल्ड मर्नेनचं वाचणं आणि लिहिणं

(मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात मराठी वाचकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार.

एखाद्या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराच्या वाचनाबद्दल आणि लेखनाबद्दल बोला, असं संयोजकांनी सांगितलं. पॅट्रिक व्हाइट घेता आला असता, नोबेल मिळालेला. पीटर केरी घेता आला असता. मी जेराल्ड मर्नेन घेतला, आणि त्याचं एक कारण आपला पत्ता आहे. इथे बसलेले बरेच जण टारनीट, ट्रुगॅनिना, पॉइंट कुक, वेरिबी या भागातले. भारतातून आई-वडील पहिल्यांदा येतात, गाडीतून बाहेर बघतात आणि म्हणतात, "काय रे हे, सगळं सपाटच!" ज्वालामुखीच्या दगडावरची ही गवताळ सपाटी आपल्या घरांपासून सुरू होते आणि पश्चिमेला शेकडो किलोमीटर पसरते. या सपाटीकडे जन्मभर बघत बसलेला आणि तिच्यापलीकडचं जग बघायला जावं असं फारसं न वाटलेला हा लेखक. शेजारधर्म म्हणूनही त्याची ओळख करून घ्यायला हवी.

चरित्र पटकन सांगतो. जन्म 1939 चा, मेलबर्नच्या कोबर्ग भागातला. बालपण बेंडिगोला आणि मग व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात. घर कडक कॅथलिक. वडलांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद, आणि नाद म्हणजे कर्ज होण्याइतका नाद. त्यापायी बिऱ्हाडं हलत राहिली. मुलगा 1957 मध्ये पाद्री व्हायला सेमिनरीत गेला आणि काही आठवड्यांत परत आला. पुढे प्राथमिक शाळेत मास्तर, शिकाऊ जॉकींच्या शाळेत मास्तर, शिक्षण खात्याच्या प्रकाशन विभागात नोकरी, 1980 पासून कॉलेजात ललितलेखनाचा शिक्षक. लग्न, तीन मुलगे, मॅक्लाउडमधलं घर. संपलं चरित्र. कोणी सिनेमा काढायचं ठरवलं तर मध्यंतरापर्यंतही पुरणार नाही.

त्याने काय काय केलं नाही, ही यादी मात्र रंगतदार आहे. 2001 मध्ये दिलेल्या एका भाषणात त्याने ती स्वतःच सांगितली होती. विमानात कधी बसलो नाही. गॉगल कधी लावला नाही. पोहायला शिकलो नाही, समुद्रात किंवा नदीत आपणहून कधी उतरलो नाही. आता आपण सगळे चौदा-पंधरा तास विमानात अंग आखडून इथे आलेली माणसं. आपल्याला हे ऐकून हसू येतं. पण यादीतून एक गोष्ट कळते: या माणसाकडे कच्चा माल फार थोडा होता, आणि तो त्याने मुद्दाम थोडाच राहू दिला. थोडी गावं, थोडे रंग, गवत, घोडे आणि पुस्तकं. पुस्तकं तरी भरपूर असतील असं वाटतं ना? वाचली भरपूर. पण त्यातली आपल्याजवळ उरली किती, हा प्रश्न त्याने ज्या चिकाटीने स्वतःला विचारला तसा विचारणारा दुसरा लेखक मला माहीत नाही.

1980 च्या दशकातला त्याचा एक निबंध आहे. त्यात तो आपल्या कपाटापुढे उभा राहतो, एकेका पुस्तकाच्या कण्याकडे बघतो, आणि त्या पुस्तकातलं आत्ता, पान न उघडता, काय दिसतं ते नोंदवतो. कथानक विचारायचं नाही, लेखकाला काय म्हणायचं होतं तेही नाही. फक्त डोळ्यांपुढे काय येतं? बहुतेक पुस्तकांबाबत उत्तर येतं: काही नाही. जगाने थोर ठरवलेली पुस्तकं, आणि काही नाही! एखाद्या जाड कादंबरीतून फक्त एक रस्ता उरलेला असतो, आणि तोही कादंबरीत नसलेला, वाचताना याच्या मनाने बेंडिगोहून उचलून तिथे ठेवलेला. केरुअ‍ॅकवर त्याने लिहिलं आहे. त्या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकात अमेरिका धावते आहे, आणि या वाचकाच्या आत बेंडिगो.

तुम्ही घरी हा प्रयोग करून बघा. मी माझ्या कपाटापुढे केला आणि ज्यांच्यावर तावातावाने बोललो होतो अशा पुस्तकांपुढे गप्प उभा राहिलो. आपण वाचनाबद्दल बोलतो तेव्हा एरवी आकडा सांगतो: वर्षाला इतकी पुस्तकं. मर्नेनचा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. वीस वर्षांनी जे दिसतं तेवढंच तू वाचलंस; बाकीचं नुसतं डोळ्यांखालून गेलं. हे फार कठोर आहे, आणि मला ते पूर्ण पटत नाही. विसरलेली पुस्तकंही माणूस घडवत असतात असं मला वाटतं. पण त्याच्या लेखनाचं सगळं बांधकाम या कठोरपणावर उभं आहे, म्हणून तो आधी समजून घ्यायला हवा. 2012 मध्ये आलेल्या त्याच्या 'अ हिस्टरी ऑफ बुक्स'मध्ये लेखकांची, पुस्तकांची नावंच नाहीत. कधीतरी वाचलेल्या पुस्तकातली एक प्रतिमा, आणि तिला लागून वाचणाऱ्याच्या आयुष्यातलं काहीतरी, एवढंच.

उरलेली पुस्तकं मात्र घट्ट धरून ठेवलेली. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला भाग त्याने जानेवारी 1961 मध्ये इंग्रजीतून वाचला. बावीस पूर्ण व्हायला काही आठवडे होते. पुढे त्यावर एक मोठा निबंध लिहिला. त्यात प्रूस्तच्या फ्रान्सइतकीच व्हिक्टोरियातली माळरानं आहेत.

दुसरी गोष्ट हंगेरियनची, आणि तिच्यापाशी मला जरा थांबायचं आहे. द्युला इयेश या हंगेरियन लेखकाचं 'पीपल ऑफ द पुस्ता' नावाचं पुस्तक आहे. हंगेरीतल्या सपाट मुलखात जमीनदारांच्या वाड्यांवर राबणाऱ्या शेतमजुरांबद्दलचं. मर्नेनने ते 1970 च्या दशकात इंग्रजी भाषांतरातून वाचलं. त्यात एक प्रसंग येतो. मजुराच्या घरातली एक तरुण मुलगी. वाड्यावरच्या साहेबाने तिला भोगलं, आणि तिने विहिरीत उडी घेतली. सकाळी गुरं पाजायला आलेल्या गड्यांना ती सापडते. इयेश हे फार आरडाओरडा न करता सांगतो. वाचणारे हजारो असतील. चुकचुकून त्यांनी पान उलटलं असेल. मर्नेनला ते पान उलटता आलं नाही. ती विहीर त्याच्या मनात राहिली आणि तिच्यातून 'इनलँड' ही कादंबरी आली, 1988 मध्ये. या कादंबरीचा निवेदक आधी हंगेरीतल्या एका वाड्याच्या ग्रंथालयात बसून लिहितो आहे असं वाटतं. मग हळूहळू जमीन सरकते आणि आपण मेलबर्नच्या उत्तरेकडच्या उपनगरात, एका शाळकरी मुलाच्या आणि मुलीच्या गोष्टीत येऊन पोचतो. कुठे ओलांडलं ते कळत नाही. मला ही त्याची सर्वांत चांगली कादंबरी वाटते.

कादंबरी लिहून झाली तरी ती मुलगी सुटली नाही. मग वयाची पंचावन्न वर्षं उलटून गेल्यावर हा माणूस हंगेरियन शिकायला बसला. हंगेरीला जायचं नव्हतं. विमानात बसायचंच नव्हतं. हंगेरियन मित्रमंडळी जमवायची म्हणूनही नाही. विहिरीचा तो उतारा मूळ भाषेत वाचता यावा म्हणून. शिकला, आणि तो उतारा तोंडपाठ केला. आपल्याकडे लोक मोक्षासाठी पाठांतर करतात. हा एका बुडालेल्या मुलीसाठी करतो.

आता लेखनाकडे. टाइपरायटर हाताने चालवायचा, आणि तोही उजव्या हाताच्या एका बोटाने. वाक्य पूर्ण बांधून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याची वाक्यं लांब असतात, पोटवाक्यांची माळ असते, पण व्याकरण इतकं चोख की शेवटच्या शब्दापर्यंत तुमचा हात सुटत नाही. आपल्याला कल्पनाशक्ती नाही, असं तो पुन्हापुन्हा सांगतो. पात्रं आपण 'निर्माण' करत नाही. मनात आधीच असलेल्या प्रतिमांचा आणि त्या एकमेकींना जोडणाऱ्या भावनांचा अहवाल देतो, एवढंच. अहवाल हा शब्द त्याला प्रिय आहे. शिक्षण खात्यात नोकरी केल्याचा परिणाम असावा, अशी माझी आपली एक शंका.

'टॅमरिस्क रो' ही पहिली कादंबरी, 1974 ची. क्लेमेंट किलेटन नावाचा मुलगा घरामागच्या अंगणात धुळीत शर्यतीचं मैदान आखतो आणि गोट्यांना घोडे मानून पळवतो. प्रत्येक घोड्याला नाव, मालकाला रंग. पलीकडे बाप खऱ्या घोड्यांवर पैसे लावून बुडतो आहे. जुगारी बापाच्या घरातल्या मुलाने याच खेळात आपला स्वर्ग शोधावा, हे वाचताना पोटात तुटतं, आणि लेखक एकदाही आपल्या खांद्यावर हात ठेवून 'बघा किती वाईट' म्हणत नाही.

दुसऱ्या कादंबरीचं प्रकाशकाने अर्धं अंग कापलं. 1976 मध्ये 'अ लाइफटाइम ऑन क्लाउड्स' म्हणून पहिला अर्धा भाग छापला गेला. पूर्ण कादंबरी 'अ सीझन ऑन अर्थ' या नावाने निघायला 2019 उजाडलं. त्रेचाळीस वर्षं! मग 1982 ची 'द प्लेन्स', छोटीशी आणि सर्वांत प्रसिद्ध. एक तरुण चित्रपट काढायला अंतर्भागातल्या माळरानावर जातो, तिथल्या श्रीमंत जमीनदाराचा आश्रय मिळवतो, आणि त्याच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं टिपणं काढत बसतो. चित्रपट निघत नाही. पीएचडी करणाऱ्यांनी जपून वाचावी.

'एमराल्ड ब्लू' 1995 मध्ये आलं आणि त्यानंतर कथात्म असं नवं पुस्तक थेट 2009 चं, 'बार्ली पॅच'. लिहिलंच पाहिजे का, या प्रश्नाने ते सुरू होतं. मधल्या काळात हा गृहस्थ रिकामा बसला नव्हता. फायलिंग कॅबिनेटं भरत होता. एका संग्रहात आयुष्याची कागदपत्रं, दुसऱ्यात लेखनाची, आणि तिसऱ्यात, तो याला अँटिपोडियन संग्रह म्हणतो, दोन काल्पनिक बेटांवरच्या घोड्यांच्या शर्यती. न्यू ईडन आणि न्यू आर्केडी ही ती बेटं. घोडे, मालक, जॉकी, त्यांच्या जाकिटांचे रंग, निकालांची पानंच्या पानं. निकाल कसा लावायचा? कुठल्यातरी कादंबरीतला एखादा उतारा घ्यायचा आणि त्यातल्या अक्षरांवरून कोणता घोडा किती पुढे सरकला ते ठरवायचं. नावाजलेल्या कादंबरीतला परिच्छेद, आणि त्याच्यावर चौथ्या रेसचा निकाल! गोट्या पळवणारा क्लेमेंट म्हातारा झाला, खेळ थांबला नाही. आणि जी कादंबरी मनात काहीच ठेवून जात नाही तिचाही काही उपयोग झाला.

त्याच 2009 मध्ये पत्नी वारली आणि तो गोरोकला गेला, मुलाकडे. हॉर्शमच्याही पश्चिमेला, साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेजवळ, काहीशे वस्तीचं गाव. तिथल्या गोल्फ क्लबात खेळायचं आणि बारवर पेलेही भरायचे. डिसेंबर 2017 मध्ये जगभरातले अभ्यासक त्याच्या साहित्यावरच्या परिसंवादासाठी याच क्लबात जमले. परिसंवादाच्या नावात पॅट्रिक व्हाइटच्या 'द सॉलिड मंडला'च्या आरंभी असलेल्या फ्रेंच कवी एल्युआरच्या वाक्याचा आधार होता: दुसरं जग आहे, पण ते याच जगात आहे. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाने त्याच्यावर मोठा लेख छापला, 'बॉर्डर डिस्ट्रिक्ट्स'ला पंतप्रधानांचा साहित्य पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर आला की नोबेलच्या सट्ट्यात त्याचं नाव असतं. कोणत्या नावावर काय भाव लागतो, हे त्या यादीतल्या कोणत्याही उमेदवारापेक्षा त्याला जास्त कळत असणार.

'बॉर्डर डिस्ट्रिक्ट्स'चा निवेदक सीमेजवळच्या गावात येतो आणि ठरवतो की आता डोळे सांभाळायचे. थेट बघायचं नाही; नजरेच्या कडेला जे चमकेल तेवढंच घ्यायचं. लहानपणी शाळेतल्या कॅथलिक ब्रदर्सनी मोहापासून स्वतःला वाचवायला दिलेली ही शिकवण. देवावरचा विश्वास गेला, शिकवण राहिली. मग चर्चच्या रंगीत काचा, गोट्यांमधले रंग, वाचलेल्या पुस्तकांतली तुटक चित्रं, असं एकेक कडेने येत जातं.

एक तक्रार नोंदवतो. इतकी माळरानं, इतके जमीनदार, इतकी गवताची वर्णनं, आणि ज्यांची ही जमीन होती ते मूळ रहिवासी जवळजवळ कुठेच नाहीत. 1830-40 च्या दशकांत मेंढ्यांचे कळप आले आणि ही माणसं याच सपाटीवरून हाकलली गेली, मारली गेली. मी माझ्या मनातलंच लिहितो, हे त्याचं उत्तर असेल. मग ते त्याच्या मनात का नाहीत, हा प्रश्न राहतोच. परक्या मुलखातल्या विहिरीतली मुलगी ज्याला आयुष्यभर दिसली, त्याला विचारायचाच प्रश्न आहे तो.

ऐंशी ओलांडल्यावर त्याने आपलीच सगळी पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने पुन्हा वाचायला घेतली. एक पुस्तक वाचायचं, त्यावर एक टिपण लिहायचं. ते 'लास्ट लेटर टू अ रीडर' म्हणून 2021 मध्ये आलं, आणि हे शेवटचं असं त्याने जाहीर केलं. कपाटापुढची ती परीक्षा आता स्वतःच्या पुस्तकांना. गुण देताना हात आखडलेला नाही, काही ठिकाणी तर स्वतःवर भलताच खूश आहे. खोट्या विनयापेक्षा मला ते बरं वाटलं.

कुठून सुरुवात करू, असं कोणीतरी आता विचारणारच. 'द प्लेन्स'पासून करू नका, सगळे करतात आणि निम्मे सोडतात. 'टॅमरिस्क रो' घ्या. तिचं शेवटचं प्रकरण शर्यतीचं आहे. तिथे वाक्यं एकमेकांत घुसतात, घोडे आणि माणसं एकाच दमात धावतात. ते मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना. मग जमलं तर 'इनलँड'. 'अ मिलियन विंडोज' शेवटी ठेवा, ती मलाही कोरडी गेली. आपल्या कौन्सिलच्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर काउंटरवर मागणी नोंदवा, आणून देतात.