शेजारच्या परसातली साखळी

[दृश्य: परसातलं आंब्याचं झाड. बुंध्याला साखळी. भोवतीची माती गोल झिजलेली.]

या झाडाखालची माती नीट बघा. साखळी चार फुटांची. कुत्र्याच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे बुंध्याभोवतीचं हे रिंगण. खाणं तिथंच, घाण तिथंच, झोपही तिथंच. गवताची काडी उरलेली नाही, कारण दिवसभर तेवढ्यातच फेऱ्या चालतात. आपल्या बेळगाव भागात वडगाव, कंग्राळी, उचगाव, येळ्ळूर, नाहीतर निपाणी-चिकोडीकडचे ऊसमळे, कुठंही गेलात तरी असं एखादं रिंगण सापडतंच. आणि बांधापलीकडून, भिंतीवरून ते रोज बघणारा, मनात चरफडणारा एक शेजारीही सापडतो. ही फिल्म त्या शेजाऱ्यासाठी आहे.

बहुतेक घरांत कुत्र्याचे हाल कुणी ठरवून करत नाही. पोरांनी हट्ट धरला म्हणून पिल्लू आलं. मग पोरगा नोकरीला पुण्याला गेला, मुलगी सासरी गेली, मागं म्हातारे आई-वडील राहिले. ओढ घेणारं कुत्रं त्यांना आवरत नाही. ते बांधलं गेलं, आणि हळूहळू त्याच्याकडे बघायचंही राहून गेलं. मळ्यावरची गोष्ट वेगळी. तिथं कुत्रं राखणीलाच ठेवलेलं असतं. मालक राहतो गावात, आठवेल तेव्हा भाकरीचे तुकडे टाकून जातो. हे सगळं समजून घ्यायचं ते मालकाला सोडून देण्यासाठी नव्हे. कारण कळलं, की त्याच्याशी काय बोलायचं ते कळतं.

[दृश्य: मोकळ्या माळावर धावणारं मुधोळ कुत्रं.]

मुधोळ आपल्याला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही लांब पायांची, बारीक कमरेची जात. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, पुढं लष्करानंही तिला प्रशिक्षणासाठी घेतलं. शिकारीमागं सुसाट सुटावं म्हणून घडलेलं हे शरीर. अशी पिल्लं सीमाभागात हौसेनं आणली जातात आणि गेटच्या आत आखूड साखळीला अडकवली जातात. पळण्यासाठी जन्मलेल्या जनावराचे पायच आपण काढून घेतो. हे बघवत नाही.

पण एक लक्षात ठेवा. निरोगी मुधोळच्याही दोन-चार बरगड्या दिसतात. तेवढ्यावरून शेजाऱ्याला उपाशी मारणारा ठरवू नका. पाठीचा कणा, कंबरेची हाडं वर आली आहेत का, मांडीचं मांस उतरलंय का, ते बघा. पाण्याच्या भांड्यात पाणी आहे की शेवाळ. कानात गोचीड आहेत का. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील तर गोचीड ताप असू शकतो, आणि तो जीवघेणा ठरतो. पिल्लूपणी बांधलेला पट्टा कुणी सैल केलाच नसेल, तर मान वाढते आणि पट्टा मांसात रुतत जातो. वरून केसांनी झाकलेला असतो, आधी वास येतो, मग कळतं. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यानं आपली झोप जाते खरी, पण अनोळखी माणूस जवळ आला तरी जे उठत नाही, भुंकत नाही, त्याची काळजी जास्त करा.

[दृश्य: एप्रिलची दुपार. पत्र्याच्या शेडखाली धापा टाकणारं कुत्रं.]

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. दहा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला अर्धा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तापलेल्या पत्र्याखाली भांडं सांडलं, की बांधलेलं कुत्रं ते भरायला कुठं जाणार? लाळ गळतेय, पाय लटपटताहेत, असं दिसलं तर त्याला सावलीत घ्यायला सांगा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी नको.

पावसाळ्यात खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. ओल्या जमिनीवर पडून अंगाला जखमा होतात, माश्या बसतात, किडे पडतात. अशा वेळी आपल्याकडे सर्रास रॉकेल नाहीतर फिनेल ओततात. त्यानं जखम भाजते, आणि कुत्रं ते चाटून विष पोटात घेतं. किडे पडलेली जखम ही त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे. आणि भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांना वेगळं सांगायला नको, बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे आयतं भक्ष्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर बेळगाव शहरातच, जाधवनगरात, बिबट्या आला होता. रात्री कुत्रं दाराच्या आत घ्या, एवढं एक वाक्य शेजाऱ्याला पटवता आलं तरी त्याचा जीव वाचतो.

[दृश्य: संध्याकाळ. दोन घरांमधली कंपाउंडची भिंत.]

आता मुख्य गोष्ट. शेजाऱ्याकडे जायचं कसं?

एकट्यानं जा. गल्लीत चारचौघांसमोर विषय काढू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो तर मुळीच टाकू नका. माणूस एकदा चारचौघांत खाली बघायला लागला, की त्याचा राग उतरतो कुत्र्यावर. जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा.

"तात्या, मोत्याला संध्याकाळी जरा फिरवून आणू काय? आमचा पोरगा पण येतो म्हणतोय."

"ओढतंय बाबा ते. पाडलं तर?"

"दोघं मिळून धरतो की. पहिल्यांदा तुम्ही पण चला."

एवढ्या बोलण्यात काय काय झालं बघा. तात्यांना कुणी दोष दिला नाही. कुत्रं आवरत नाही, ही त्यांची खरी अडचण बाहेर आली. आणि कुत्र्याला साखळीबाहेरचा रस्ता मिळाला. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घाला, ओढ सांभाळता येते. पुढचं बोलणं मग आपोआप निघतं. साखळी थोडी लांब करू, माझ्याकडं जुनी बादली पडलीय ती पाण्याला ठेवू, रेबीजची लस टोचायला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आमच्या कुत्र्याबरोबरच नेऊ. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या आसपास, ठिकठिकाणी मोफत लसीकरण असतं, ते निमित्तही चांगलं.

तात्या ऐकत नसतील, तर पुण्याच्या पोराला फोन करा. पिल्लू त्याच्याच हट्टानं आलेलं असतं. मोत्याचा एक फोटो त्याला पाठवला तर खाण्याचे पैसे तो आनंदानं पाठवील. नाहीतर ज्यांचा शब्द तात्या मोडत नाहीत असा कुणी वडीलधारा घरात, भावकीत असतोच.

काही गोष्टी मात्र करू नका. भिंतीवरून शिळं टाकू नका. शिजवलेली कोंबडीची हाडं घशात, आतड्यात अडकतात, कांदा घातलेलं कालवण कुत्र्याला बाधतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घालणंही धोक्याचं, थोडं थोडं द्यावं लागतं. रात्री जाऊन साखळी सोडू नका. कायद्यानं ते कुत्रं मालकाचं आहे. शिवाय बिथरून सुटलेलं जनावर थेट पुणे-बेंगळूरू हायवेवर जाऊ शकतं. आणि बांधलेलं कुत्रं घाबरून चावतं. चावलंच, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखान्यात लस सुरू करा, थांबून बघू म्हणू नका.

[दृश्य: पोलीस ठाण्याबाहेरचं आवार.]

बोलून काहीच हललं नाही, तर कायदा आहे. १९६० चा प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हे गुन्हे आहेत. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, हासुद्धा तिथं स्वतंत्र गुन्हा लिहिलेला आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला हा आकडा आजही तसाच असावा, याची चीड येते. या कलमांखाली पोलीस थेट अटकही करू शकत नाहीत, तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तरीही अर्जाचा उपयोग होतो. शिपाई दारात येऊन दोन शब्द बोलून गेला, की पुष्कळ घरांतली साखळी लांब होते. आणि मालक दोषी ठरला, त्याच्या हाती जनावराचे पुन्हा हाल होतील असं दिसलं, तर न्यायालय त्याच्याकडून कुत्रं काढूनही घेऊ शकतं.

खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. म्हणून आपल्या हद्दीतून काढलेले फोटो तारखेसह जपून ठेवा. ठाण्यातलं कामकाज कन्नडमधून चालतं, अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी सोबत असलं तर काम लवकर पुढं सरकतं. खेड्यात ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनाही एकेक प्रत द्या.

भुंकण्याला वैतागून कुणी मांसात विष कालवण्याची भाषा करत असेल, तर त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ सांगा. जनावराला विष घालणं, मारणं, जायबंदी करणं, याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

[दृश्य: दवाखान्याच्या व्हरांड्यात मालक, शेजारी आणि कुत्रं.]

कधी कधी मालकच हात टेकतो. "आमच्यानं होत नाही, कुणी नेत असेल तर न्या," म्हणतो. त्याला नावं ठेवू नका, सरळ बोलतोय तो. पण तोंडी हो म्हटल्यावर कुत्रं उचलू नका. कागदावर दोन ओळी लिहून घ्या, कुत्रं स्वखुशीनं दिलं म्हणून, खाली सही आणि तारीख. नवं घर आधी डोळ्यांनी बघून या. तिथंही बुंध्याला साखळीच लटकत असेल तर परत फिरा, दुसरं घर शोधा. देण्याआधी लस टोचून घ्या, नसबंदी झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारून तीही करून घ्या. पहिले काही दिवस कुत्रं खाणार नाही, जुन्या घराच्या दिशेनं ओढ घेईल, म्हणून नव्या माणसांना सांगून ठेवा की गेट लावून ठेवायचं, आणि तात्यांचं एखादं जुनं धोतर त्याच्या अंथरुणात घालायचं.