ताटातली रसायनं आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो खाण्याचा. चिप्स, भाज्यांवरची फवारणी, डबाबंद मांस, यातलं नेमकं काय बाधतं? प्रश्न रास्त आहे. २०२० साली जगात या रोगाचे सुमारे ४ लाख ९६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, आणि मृत्यू सुमारे ४ लाख ६६ हजार. हा अवयव जठराच्या मागे खोल दडलेला, त्यामुळे कावीळ होऊन डोळे पिवळे दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

पण एखाद्या पदार्थाला दोषी ठरवणं किती अवघड, ते कॉफीच्या प्रकरणातून कळतं. १९८१ साली हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहॉन यांच्या गटाने या कर्करोगाच्या ३६९ रुग्णांच्या सवयी इतर आजारांच्या ६४४ रुग्णांशी ताडून पाहिल्या. दिवसाला तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत धोका अडीच पटींहून अधिक निघाला. अमेरिकेत केवढी खळबळ उडाली! खोट होती ती तुलनेत. तुलनेसाठी घेतलेले रुग्ण त्याच डॉक्टरांचे, आणि त्यांतल्या पुष्कळांना पोटाचेच विकार. पोटाला सोसत नाही म्हणून त्यांनी कॉफी आधीच कमी केलेली. साहजिकच कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पिणारे वाटले. १९८६ साली त्याच गटाने नवे रुग्ण घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध टिकला नाही, आणि त्यांनी तसं छापून सांगितलं. याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.

आता चिप्स. पिष्टमय पदार्थ १२० अंश सेल्सिअसच्या वर तळले-भाजले की अ‍ॅक्रिलमाइड नावाचं, कर्करोगाचा संशय असलेलं रसायन तयार होतं, हे २००२ साली स्वीडनमध्ये उघड झालं. पण हजारो माणसांच्या आहाराचा वर्षानुवर्षं माग घेऊनही स्वादुपिंडाशी त्याचा ठाम संबंध दिसलेला नाही. मांस टिकवायला वापरतात त्या नायट्राइटपासून नायट्रोसामाइन बनतात, आणि त्यांच्यावरचा संशय जास्त गंभीर आहे. त्यांतल्या एका रसायनाने सीरियन हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या स्वादुपिंडात माणसासारखीच गाठ होते. माणसातला पुरावा मात्र अजून अपुरा.

मग पक्का पुरावा कशाचा आहे? तंबाखूचा! आणि तो फक्त विडी-सिगारेटचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००४ सालीच निष्कर्ष काढला, की धूर न काढता चघळण्या-चोळण्याच्या तंबाखूनेही तोंडाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो. कारण तेच, नायट्रोसामाइन. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना ती त्यात तयार होतात, गालातून आणि गिळलेल्या लाळेतून रक्तात जातात. धूम्रपान करणाऱ्यांच्या स्वादुपिंडाच्या रसात ती प्रत्यक्ष सापडली आहेत. पेशीत पोचल्यावर ती डीएनएला चिकटतात.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मिश्री घरातच होते. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, सकाळी बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. भाजताना त्यात जळण्यातून होणारी कर्करोगकारक रसायनंही भरतात. पुष्कळ बायका दिवसातून अनेकदा लावतात, गरोदरपणातही. लेकरांच्या डब्यातल्या चिप्सची काळजी करणाऱ्या घरात ही डबी फळीवर असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

तुमच्यापैकी जे आरोग्य शिबिरांत काम करतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारलं तर बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी मिश्री ही दात घासायची वस्तू. म्हणून मिश्रीचं वेगळं विचारा. कधीपासून लावता, दिवसातून किती वेळा, लाळ थुंकता की गिळता, हे केसपेपरवर लिहून ठेवा, आणि सोडायला मदत लागली तर कुणाकडे जायचं, ते त्याच भेटीत सांगा.