बर्मिंगहॅम: खापर नेमकं कुणाच्या डोक्यावर?

नमस्कार मंडळी. आज एका नोटिशीची गोष्ट सांगतो.

५ सप्टेंबर २०२३. बर्मिंगहॅम, म्हणजे लोकसंख्येनं इंग्लंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. अकरा लाखांवर वस्ती, १०१ नगरसेवक. त्या दिवशी तिथल्या सिटी कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, वित्तप्रमुखांनी ‘कलम ११४’ची नोटीस काढली. म्हणजे काय, तर यंदाचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, तेव्हा आजपासून नवीन खर्च बंद. कायद्यानं बंधनकारक असलेली कामं आणि निराधारांची काळजी एवढंच चालू राहील.

बातम्यांत ‘शहर दिवाळखोर’ असं झळकलं. ते तितकंसं खरं नाही. तिथल्या कायद्यात कौन्सिल कंपनीसारखी दिवाळखोर होतच नाही. रोजचा खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ तिला दरवर्षी घालावाच लागतो. तो बसेना, तर नोटीस काढणं ही १९८८ च्या कायद्यानं वित्तप्रमुखावरच टाकलेली जबाबदारी आहे. नगरसेवकांची परवानगी लागत नाही. उलट त्यांनीच २१ दिवसांत सभा घेऊन उत्तर द्यायचं.

आता हे झालं कुणामुळे? कौन्सिलमध्ये तेव्हा २०१२ पासून सत्ता मजूर पक्षाची होती, म्हणून हुजूर पक्षवाले म्हणाले, यांनी शहर बुडवलं. मजूर पक्षवाले म्हणाले, लंडननं, म्हणजे केंद्र सरकारनं, दहा-बारा वर्षांत आमचं शंभर कोटी पौंडांचं अनुदान कापलं. कुणी शहरात भरलेल्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांकडे बोट दाखवलं, कुणी कामगार संघटनांकडे. आणि सगळ्यात जास्त वेळा वाक्य ऐकू आलं ते हे: ‘समान वेतनाच्या दाव्यांनी शहर बुडालं.’

मला या वाक्यापाशीच थांबायचंय. कारण ते वाचल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? कोर्टकज्जे करून शहराची तिजोरी रिकामी करणाऱ्या बायका. हो ना?

प्रत्यक्षात काय होतं बघा. कौन्सिलच्या शाळांमधल्या स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या, वृद्धांची सेवा करणाऱ्या. बहुतेक बायका. त्यांच्याच श्रेणीत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे. बहुतेक पुरुष. मूळ पगार सारखा, पण पुरुषांच्या कामांना वर बोनस. बायकांच्या कामांना नाही. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा १९७० चा आहे. म्हणजे हे सगळं चाललं होतं तेव्हा कायदा म्हातारा व्हायला आला होता.

माजी कर्मचाऱ्यांपैकी १७४ जणांनी दावा लावला, त्यात बहुतेक बायकाच. कौन्सिलनं काय म्हणावं? ‘नोकरी सोडून सहा महिने उलटले, कामगार न्यायाधिकरणाची मुदत संपली, आता घरी जा.’ यावर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल लागला: दिवाणी न्यायालयात सहा वर्षांपर्यंत दावा लावता येईल. धरणाचं दारच उघडलं. पुढच्या दहा वर्षांत कौन्सिलनं अशा दाव्यांपोटी सुमारे ११० कोटी पौंड मोजले. त्यासाठी २०१५ मध्ये नॅशनल एक्झिबिशन सेंटर, म्हणजे शहराचं मोठं प्रदर्शन केंद्र चालवणारा सगळा समूहच ३०.७ कोटी पौंडांना विकला.

बरं, एवढी ठेच लागल्यावर शहाणं व्हायला हवं होतं. झालं काय? कचरागाड्यांवर एक पद्धत होती, ‘टास्क अँड फिनिश’. ठरलेल्या गल्ल्या उरकल्या की घरी जायचं, पगार पूर्ण पाळीचा. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण वृद्धाश्रमात सेवा करणाऱ्या बाईची पाळी लवकर ‘उरकते’ का? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सकाळी अकराला ‘झालं, आटोपलं’ असं सांगता येतं का? ज्या कामाला शेवटच नाही, तिथे ही सवलत मिळणारच कशी? म्हणजे बोनस कागदावरून गेला आणि घड्याळात लपून बसला. शिवाय २०१७ चा कचरा संप मिटवताना गाडीवरचं एक वरच्या श्रेणीचं पद कायम ठेवलं गेलं. संप मिटला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि नव्या दाव्यांची बीजं पडली.

जून २०२३ मध्ये कौन्सिलनं आकडा सांगितला: ६५ ते ७६ कोटी पौंड देणं आहे आणि ते दरमहा ५० लाख ते १ कोटी ४० लाखांनी वाढतंय. हा आकडा फुगवलेला होता, असं शेफील्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नंतर मांडलं. तो वाद वेगळा, आणि ऐकण्यासारखा आहे. पण फुगवलेला असो वा नसो, ते देणं होतं. म्हणजे उधारी. वर्षानुवर्षं अंदाजपत्रकाचा मेळ बसत होता, तो काही अंशी या बायकांचे पैसे न दिल्यामुळे बसत होता. दुकानदार उधारी मागायला आला म्हणून आपण गरीब झालो, असं म्हणायचं का?

आकडा फुगवलाय की नाही हे कळायला हिशेब तरी धड हवेत ना? इथे दुसरं प्रकरण येतं. हिशेबाची जुनी संगणक प्रणाली काढून एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल या कंपनीची नवी बसवली. मुळात अपेक्षा होती सुमारे १ कोटी ९० लाख पौंड खर्चाची. पुढे अंदाज दहा कोटींवर गेला. तयार प्रणाली जशी आहे तशी घ्यायची सोडून, आमची जुनी पद्धत हिच्यात बसवा म्हणून तिची तोडमोड केली. परिणाम असा, की बँकेत आलेले पैसे कुठल्या खात्याचे हे प्रणालीला जुळवता येईना. माणसं बसवून हातानं नोंदी जुळवायची पाळी आली. यात दोष संगणकाचा म्हणू नका. ही खास तोडमोड मंजूर करणारे कौन्सिलमध्येच बसले होते. आणि गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात, मे २०२२ मध्ये, कौन्सिलची निवडणूक झाली. मतदाराला यातलं काय ठाऊक असणार?

अनुदानकपातीचं काय? ती खरीच आहे, आणि बर्मिंगहॅमसारख्या गरीब वस्त्या जास्त असलेल्या शहरांना ती जास्त लागली. वरून स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणावर देखरेख करणारं ऑडिट कमिशन केंद्र सरकारनंच २०१५ मध्ये गुंडाळलं. पण बोनसची वाटणी काही लंडननं केली नव्हती.

मग भरलं कुणी? ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कौन्सिलच्या कारभारावर देखरेखीला मॅक्स कॉलर यांच्या हाताखाली आयुक्त नेमले. त्यांचं मानधन कौन्सिलनंच द्यायचं, हेही लक्षात ठेवा. ५ मार्च २०२४ ला अंदाजपत्रक मंजूर झालं. दोन वर्षांत सुमारे ३० कोटींची कपात, कलासंस्थांचं अनुदान आधी निम्मं मग शून्य, रस्त्यावरचे दिवे मंद. आणि घरगुती कर, म्हणजे कौन्सिल टॅक्स, ९.९९ टक्क्यांनी वर. एरवी ४.९९ टक्क्यांच्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं. सरकारनं यांना खास सूट दिली. म्हणजे ज्या करदात्यानं ना बोनस ठरवला ना प्रणाली निवडली, त्याला विचारण्याचीसुद्धा गरज उरली नाही. आणि त्या स्वयंपाकिणीही याच शहरात राहतात. थकबाकी एका हातानं मिळाली, तर दुसऱ्या हातानं वाढीव कर भरायचाय.

शेवटी परत कचरागाडीकडे येऊ. कौन्सिलनं गाड्यांवरचं ते वरच्या श्रेणीचं पद रद्द करायला घेतलं. कारण दिलं, नाहीतर पुन्हा समान वेतनाचे दावे लागतील. कामगार चिडले. ११ मार्च २०२५ पासून बेमुदत संप, महिनाअखेरीस रस्त्यावर १७ हजार टन कचरा, उंदीर, आणि कौन्सिलकडून आणीबाणीसारखी घोषणा. पगार समान करायचे दोन मार्ग असतात. बायकांचा वर आणायचा किंवा पुरुषांचा खाली. पहिला मार्ग १९७० पासून मोकळा होता. पैसे संपल्यावर कौन्सिल दुसऱ्यानं निघाली.