सर्व्हर बंद, गाडी बंद

ही प्लेस्टेशन ४ची निळी डबी. आतली डिस्क बघा, एक ओरखडा नाही. कन्सोलमध्ये घातली की नेहमीसारखी घरघरते. मग पडद्यावर येतं, की सर्व्हरशी संपर्क होत नाही. त्यापुढे काहीच घडत नाही.

गेमचं नाव 'द क्रू'. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. फ्रान्समधल्या लिऑनच्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओने त्यात अख्खी अमेरिका आटोपशीर करून बसवली होती. न्यूयॉर्कहून गाडी काढायची आणि साधारण पाऊण तासात लॉस एंजेलिसचा किनारा गाठायचा. वाटेत बर्फाचे डोंगर लागायचे, वाळवंट लागायचं. शर्यत बाजूला ठेवून नुसतं भटकायला येणारेही पुष्कळ होते.

मित्रांबरोबर खेळायचं तर इंटरनेट हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण डेट्रॉइटच्या ॲलेक्स टेलरची, भावाच्या खुन्याचा माग काढणारी कथा एकट्याने खेळायची असली, तरीही ऑनलाइन राहणं सक्तीचं होतं. रस्ते, गाड्या तुमच्या डिस्कवर. तुम्ही कुठवर पोचलात, काय कमावलंत, त्याची नोंद मात्र कंपनीकडे.

अशा सक्तीमागचं एक जुनं कारण म्हणजे पायरसी. पायरसी होते, हे खरंच आहे. पण मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा 'ॲसॅसिन्स क्रीड २' रीतसर विकत घेतलेले लोकच खोळंबून बसले. ज्याने पैसे मोजले त्यालाच दाराबाहेर उभं करणारं कुलूप काय कामाचं?

मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' या शहर वसवण्याच्या गेमचं तर पहिल्याच आठवड्यात हसं झालं. स्वतःचं शहर एकट्याने वसवायलाही सर्व्हरच्या रांगेत थांबायचं! भार कमी करण्यासाठी ईए या त्याच्या कंपनीने खेळातला सर्वांत जलद वेग, 'चीता', काही काळ काढून टाकला. आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून इंटरनेट लागतं, असं सांगितलं गेलं. थोड्याच दिवसांत एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतःच फेरफार करणाऱ्या हौशी माणसाने, इंटरनेटविना शहर चालवून दाखवलं. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, ईएनेच ऑफलाइन मोड दिला. म्हणजे जमत होतं. करायचं ठरवलं नव्हतं, एवढंच.

'द क्रू'च्या वाट्याला ते आलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. पाठोपाठ अनेकांच्या युबिसॉफ्ट खात्यातून गेमचा परवानाही काढून घेतला गेला. मला सगळ्यात लागलं ते हे. सर्व्हर चालवायला खर्च येतो, समजू शकतं. पण पैसे देऊन घेतलेली वस्तू परत काढून घ्यायची?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी साधी: बंद करा, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. जुलै २०२५ मध्ये या मागणीसाठी युरोपीय संघातल्या नागरिकांच्या सह्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. दरम्यान कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. डिजिटल गेम विकताना तुम्हाला फक्त परवाना मिळतोय, मालकी नाही, हे दुकानाने आता स्पष्ट सांगायचं.

सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टने 'द क्रू २' आणि 'द क्रू मोटरफेस्ट' या पुढच्या दोन्ही गेमना ऑफलाइन मोड देऊ, असं जाहीर केलं. पहिल्या 'द क्रू'चं नाव त्या घोषणेत नव्हतं.