बदललेली मांडणी आणि सरावलेला हात

संगणकाच्या पडद्याची मांडणी बदलली की वापरणारे चिडतात, आणि ‘लोकांना बदल नकोच असतो’ असे म्हणून त्यांची तक्रार निकालात काढली जाते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. १९९५ मध्ये विंडोज ९५ने मेनू उघडणारे स्टार्ट बटण आणि पडद्याच्या तळाची पट्टी, म्हणजे टास्कबार, आणला, तोही मोठाच बदल होता. पण सुरुवात कुठून करायची या प्रश्नाचे उत्तर त्या बटणावरच लिहिलेले असल्यामुळे तो लोकांच्या लवकर अंगवळणी पडला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ने नेमके हेच उत्तर पडद्यावरून काढून टाकले. बटण गेले, मेनूच्या जागी पडदाभर रंगीत चौकोन आले, आणि संगणक बंद करायचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात नेऊन एक लपलेली पट्टी बाहेर काढायची, तीत सेटिंग्ज उघडायचे आणि मग कुठे बंद करण्याची सोय सापडायची. पडद्याचा कोपरा माऊसने गाठायला सोपा असतो हे खरे, कारण बाण तिथे आपोआप अडतो. पण तिथे काही आहे हेच दिसत नसेल, तर त्या सोपेपणाचा उपयोग काय? बोटाने चालवायच्या पडद्यासाठी केलेला विचार माऊस आणि कीबोर्डवर काम करणाऱ्यांवर लादला गेला, हे त्या रोषाचे खरे कारण होते. २०१३ मध्ये ८.१ आवृत्तीत बटण परत आले, पण ते दाबले की पुन्हा तेच चौकोन उघडत (मागितले काय आणि दिले काय!). मेनू परतला तो २०१५ मध्ये, विंडोज १०बरोबर.

सरावलेला माणूस मेनू वाचत नाही. त्याचा हात परस्पर योग्य जागी जातो आणि लक्ष हातातल्या कामावर राहते. जागा बदलली की त्याला पुन्हा शोधावे लागते, आणि त्यात जाणारा वेळ मांडणी बदलणाऱ्याचा नसतो. २०११ मध्ये लिनक्स या खुल्या प्रणालीवरील ग्नोम या पडद्याच्या मांडणीच्या तिसऱ्या आवृत्तीने असेच सगळे बदलले, तेव्हा नाराज मंडळींनी जुन्या ग्नोमचा कोणालाही वापरता येणारा खुला कोड घेऊन ‘माटे’ हा पर्याय उभा केला. विंडोज वापरणाऱ्यांना ती वाट नव्हती. त्यांनी बाहेरचे छोटे प्रोग्रॅम बसवून जुना मेनू परत मिळवला.

म्हणून माझा आक्षेप नव्या रूपाला नाही, पर्याय काढून घेण्याला आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा टास्कबार पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय त्यात नव्हती, आणि उजव्या क्लिकच्या मेनूतील कित्येक आज्ञा ‘आणखी पर्याय दाखवा’ या ओळीमागे गेल्या. विंडोज बनवणाऱ्या याच मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ मध्ये विंडोज एक्सपीचा नवा मेनू देताना जुना मेनूही सेटिंगमध्ये ठेवला होता. ज्याला जो हवा, तो त्याने निवडावा, एवढीच ती व्यवस्था होती.